एकच किराणा, चार अर्थव्यवस्था: रेशन दुकान, सुपरमार्केट, वाणी आणि ग्राहक संघ

तूरडाळ कडाडली की चार ठिकाणी चार वेगळ्या गोष्टी घडतात. सुपरमार्केटात पाटीवरचा आकडा बदलतो. रेशन दुकानात आकडा तोच राहतो, पण डाळ येत नाही. कोपऱ्यावरचा वाणी भाव वाढवतो, पण खातेदाराला ‘पुढच्या पगाराला द्या’ म्हणतो. ग्राहक संघात, म्हणजे शेजारच्या घरांनी मिळून केलेल्या एकत्र खरेदीत, मागणी यादी भरतानाच दर समोर असतो, म्हणून घराघरांतून दोन किलोच्या जागी दीड किलो लिहिले जाते.

नियोजित, बाजारी, सहकारी अशा व्यवस्थांच्या व्याख्या वाचण्यापेक्षा ही चार दुकाने नीट पाहिली तर अर्थव्यवस्था जास्त कळते. मुंबई-पुण्यात चारही हाताशी आहेत आणि पुष्कळ घरे एकाच महिन्यात चारही वापरतात. म्हणून हे परीक्षण ग्राहकाच्या बाजूने आहे, आणि कसोटी एकच लावली आहे: माल कमी पडला की ती तूट कोणाच्या माथी बसते, आणि कोणत्या रूपात? पैशाच्या, वेळेच्या, कष्टाच्या की भिडेच्या?

रेशन दुकान: माणशी वाटणी

मुंबईत शिधावाटप मे १९४३ मध्ये सुरू झाले. युद्ध चालू होते, ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ बंद झाला होता. धान्य बाजारभावावर सोडले तर गिरणगावातली चूल पेटणार नाही, हे उघड होते. म्हणून भावाने वाटण्याऐवजी डोक्यागणिक वाटायचे ठरले. मुंबईत त्या खात्याच्या कार्यालयाला आजही ‘शिधावाटप कार्यालय’च म्हणतात.

आजचा पाया २०१३ चा राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा. ‘प्राधान्य’ म्हणून निवडलेल्या गरीब कुटुंबाला माणशी महिना ५ किलो धान्य, सगळ्यात गरीब ठरवलेल्या घराच्या ‘अंत्योदय’ कार्डाला सरसकट ३५ किलो. आधी तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये, भरड धान्य १ रुपया किलो असे. जानेवारी २०२३ पासून ते मोफत झाले आणि १ जानेवारी २०२४ पासून पुढे पाच वर्षे मोफतच ठेवायचे ठरले. चौघांच्या प्राधान्य कुटुंबाला म्हणजे २० किलो. खरेदी, साठवण, वाहतूक धरून सरकारला तांदूळ किलोमागे चाळीस रुपयांच्या आसपास पडतो आणि गहू सत्तावीस-अठ्ठावीस. १२ किलो तांदूळ आणि ८ किलो गहू धरला तर घरात दरमहा सातशे रुपयांचे धान्य येते. या परीक्षणातले दुसरे कोणतेही दुकान याच्या जवळपास पोचत नाही, आणि ज्या घरात महिन्याची कमाई आठ-दहा हजार आहे तिथे या सातशे रुपयांचे मोल मोठे आहे.

आता दोष. पहिला दोष मोजणीचा. अंत्योदयला कुटुंबामागे ३५ किलो, म्हणजे सहा माणसांपर्यंत फायदा, सातांना बरोबरी. आठ माणसांच्या अंत्योदय कुटुंबाला ३५ किलोच मिळतात आणि शेजारच्या आठ माणसांच्या प्राधान्य कुटुंबाला ४०. जो जास्त गरीब ठरवला, त्याच्या ताटात कमी.

दुसरा दोष मोठा आहे. किती जणांना धान्य द्यायचे हा आकडा, म्हणजे खात्याच्या भाषेत इष्टांक, २०११ च्या जनगणनेवर बांधलेला आहे. महाराष्ट्राचा इष्टांक सुमारे ७ कोटी लाभार्थ्यांचा. तो भरला की नवे नाव घेता येत नाही. कोणी मयत झाले, स्थलांतरित झाले किंवा अपात्र ठरले तरच जागा रिकामी होते. नवे बाळ, नवी सून यांची नावे कार्डावर चढतात, पण धान्य सुरू होत नाही, याचे कारण बहुतेक वेळा हेच असते. दुकानदाराशी भांडून उपयोग नाही, तो निर्णय त्याच्या हातात नसतो. शिवाय उत्पन्नाची मर्यादा शहरात वर्षाला ५९,००० रुपये आणि ग्रामीण भागात ४४,०००. शहरात महिन्याला पाच हजारांहून कमी! धुणीभांडी करणाऱ्या बाईचे उत्पन्नही कागदावर याच्या वर जाते. नियोजित व्यवस्थेचा हा मुळातला अडथळा आहे. बाजारात गरज आज वाढली की दुकानदाराला उद्या कळते. इथे ती जनगणनेची वाट पाहते.

तिसरा दोष दुकानदाराच्या मोबदल्याचा. कित्येक वर्षे त्याला क्विंटलमागे १५० रुपये मिळत होते. महिन्याला १०० क्विंटल वाटणाऱ्या दुकानाचे होत १५,००० रुपये. त्यात गाळ्याचे भाडे, हमाली, वीज आणि एक मदतनीस बसवून दाखवा. दुकान महिन्यातून मोजकेच दिवस उघडे का असते आणि काटा हलका का पडतो, याचे उत्तर दुकानदाराच्या स्वभावात शोधण्याआधी या हिशोबात शोधावे. दर ठरवताना धान्याचा विचार झाला, वाटणाऱ्याचा झाला नाही.

वापरताना काय सांभाळावे:

दुकानातल्या ई-पॉस यंत्रावर (ओळख पटवून धान्याची नोंद करणारे यंत्र) अंगठा लावला की पावती निघते. ती मागून घ्याच. पावतीवर कार्डाचा बारा अंकी क्रमांक, सदस्यसंख्या आणि धान्याचे प्रमाण असते. पावतीवर २० किलो आणि पिशवीत १८ असेल तर तक्रारीला पुरावा तोच. तोंडी तक्रार टिकत नाही. माप सुरू होण्याआधी काट्यावर शून्य आहे का आणि रिकामी बादली वजा केली आहे का, ते पाहा. इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी वैधमापन खात्याकडून पडताळणी व्हावी लागते, आणि तिचे प्रमाणपत्र दुकानात दिसले पाहिजे.

गवंडीकाम, धुणीभांडी, शेतमजुरी करणाऱ्यांच्या बोटांच्या रेषा झिजतात आणि अंगठा लागत नाही. वयस्करांचेही तेच. आधी दुसरे बोट, मग घरातल्या दुसऱ्या सदस्याचा अंगठा असा क्रम ठेवा. कार्डावरच्या कोणत्याही सदस्याला धान्य घेता येते, पण त्याचे आधार जोडलेले हवे. म्हणून घरातल्या एकाचेच नव्हे, सगळ्यांचे ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पडताळणी, करून ठेवावे. घरात एकटीच म्हातारी असेल तर आधारला चालू मोबाइल जोडून घेणे हे पहिले काम, म्हणजे अंगठा लागला नाही तरी मोबाइलवर आलेल्या ओटीपीने ओळख पटते.

तांदळात थोडे वेगळे दिसणारे, पाण्यावर तरंगणारे दाणे येतात. त्याला ‘प्लास्टिकचा तांदूळ’ म्हणून निवडून फेकणारी घरे अजून आहेत. ते प्लास्टिक नाही. लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ घालून तांदळाच्याच पिठापासून केलेले ते दाणे आहेत, साधारण शंभर दाण्यांत एक. तांदूळ फार चोळून धुतला आणि तरंगणारे दाणे ओतून दिले की पोषण मोरीत जाते. एकदाच हलक्या हाताने धुवावा.

कार्ड गावी आणि काम शहरात, ही अडचण ‘एक देश, एक रेशन कार्ड’ योजनेमुळे, म्हणजे एकाच कार्डावर देशात कुठेही धान्य घेता येऊ लागल्याने, बरीच हलकी झाली. ऑगस्ट २०१९ मध्ये एकमेकांची कार्डे चालवणाऱ्या राज्यांच्या पहिल्या जोड्यांत महाराष्ट्र आणि गुजरात होते. पण मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा हे देशभर पोचलेले नव्हते, आणि ज्यांना धान्य सगळ्यात जास्त हवे होते तेच मजूर कार्डाविना शहरात अडकले. जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना ही योजना लागू करण्यासाठी ३१ जुलैची मुदत घालून दिली. गोदामे भरलेली आणि माणूस यादीबाहेर, याहून वाईट अपयश वाटणीच्या व्यवस्थेला नाही. तक्रारीसाठी १९६७ हा क्रमांक आहे. फोन करताना पावती समोर ठेवा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या.

धान्यासाठी पाचपैकी चार तारे. यादीत नाव चढवण्याच्या सेवेसाठी एक.

सुपरमार्केट: भाव बोलतो

इथे कोणी कोणाला पात्रता विचारत नाही. पैसे आहेत, माल तुमचा. डी-मार्टचे पहिले दुकान २००२ मध्ये पवईला उघडले, आणि त्यांची रीत पाहिली की स्पर्धेच्या बाजारात स्वस्ताई कुठून येते ते कळते. बहुतेक जागा भाड्याच्या न ठेवता स्वतःच्या घ्यायच्या, म्हणजे दरवर्षी भाडे वाढण्याचा भार नाही. पुरवठादाराचे पैसे लवकर चुकते करायचे आणि त्या बदल्यात दर पाडून घ्यायचा. प्रत्येक वस्तूचे पन्नास प्रकार न ठेवता जे खपते तेवढेच ठेवायचे, म्हणजे माल पडून राहत नाही. यात जादू नाही, दानधर्म तर नाहीच. खर्च कापला आणि त्यातला काही हिस्सा ग्राहकाला दिला.

पण रविवारी संध्याकाळी बिलाच्या रांगेत पाऊण तास जातो, तो याच हिशोबाचा भाग आहे. भाव खाली ठेवला की गर्दी वाढते आणि उरलेली किंमत वेळेत मोजली जाते. रांग ही फक्त सरकारी दुकानाची खूण आहे असे समजणाऱ्यांनी एकदा महिन्याच्या पहिल्या रविवारी जाऊन पाहावे. मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी गेलात तर हाच माल याच भावात, रांगेशिवाय मिळतो.

इथे खरी खबरदारी वजनाची. पाकिटांची ठरावीक मापे आता सक्तीची राहिलेली नाहीत. तेलाची पिशवी एक लिटर, म्हणजे साधारण ९१० ग्रॅमची असे. आता शेजारी ८५०, ८०० आणि ७५० ग्रॅमच्या पिशव्या त्याच आकारात उभ्या असतात. छापील किमतीजवळच बारीक अक्षरात दर ग्रॅम किंवा दर मिलिलिटर किंमत दिलेली असते. तुलना तिचीच करा. ‘कमाल किमतीवर इतके रुपये सूट’ ही पाटी पाहून काही ठरवू नका. कमाल किंमत सरकार ठरवत नाही, ती उत्पादकच छापतो. शंभरची वस्तू एकशे चाळीस छापून तीस रुपये सूट दिली, तर सूट खरी आणि स्वस्ताई खोटी.

धान्य-डाळींवर आणखी एक हिशोब आहे. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या पॅकबंद धान्यावर, डाळीवर, पिठावर ५ टक्के जीएसटी लागला. सुट्या मालावर आणि २५ किलोहून मोठ्या पोत्यावर तो नाही. म्हणूनच बाजारात २६ आणि ३० किलोचे कट्टे दिसू लागले. महिन्याला १० किलो तांदूळ खाणाऱ्या घराने १ किलोची दहा पाकिटे घेण्यात काहीच अर्थ नाही.

भावाची व्यवस्था काय साधते आणि कुठे चुकते, हे २०१५ ते २०१८ मधल्या तूरडाळीने जसे शिकवले तसे कोणत्याही वर्गात शिकवता आले नसते. २०१५ च्या ऑक्टोबरात डाळ किरकोळ बाजारात २०० रुपये किलोपर्यंत गेली. गोदामांवर छापे पडले, साठ्यावर मर्यादा आल्या, डाळ स्वस्त झाली नाही. शेतकऱ्याने मात्र भाव ऐकला आणि २०१६ च्या खरिपात तूर भरपूर पेरली. पाऊसही चांगला झाला. तूर जूनमध्ये पेरून घरात यायला डिसेंबर-जानेवारी उजाडतो, म्हणजे आजच्या भावाचे उत्तर वर्षभराने मिळते, आणि सगळ्यांनी एकच उत्तर दिलेले असते. २०१७ च्या सुरुवातीला तूर ५,०५० रुपये हमीभावाच्या खाली घसरली. मग सरकार खरेदीत उतरले, आणि खरेदी केंद्रांवर बारदान संपले! तूर आहे, पैसे मंजूर आहेत, गोणपाट नाही, म्हणून ट्रॅक्टर दिवसेंदिवस उभे. बाजार चुकला तो दिशेत नाही, वेगात. योजना चुकली ती हेतूत नाही, पोत्यांच्या मोजणीत. हीच तूर पुढे भरडून २०१८ मध्ये रेशन दुकानांत ३५ रुपये किलोने विकावी लागली.

ज्याच्या हातात महिन्याचे पैसे एकरकमी येतात त्याच्यासाठी साडेतीन तारे. रोजंदारीवाल्यासाठी दोन, कारण ही स्वस्ताई मोठ्या पाकिटात आहे आणि त्याच्या खिशात आज दीडशे रुपयेच आहेत.

वाणी: विश्वासावर

वाण्याकडे तीच डाळ किलोला पाच-दहा रुपये जास्त पडते, आणि त्या रुपयांत काय विकत घेतले जाते ते नीट पाहावे. उधारी, सुटा पाव किलो माल, रात्री साडेनऊला मिळणारी साखर, न आवडलेला तांदूळ परत घेण्याची तयारी. ३,००० रुपयांच्या मालावर महिन्याला दोनशे रुपये जास्त गेले तर ते महिन्याच्या उधारीचे व्याज समजा. दर फार चढा आहे, पण बँक पाव किलो डाळीसाठी कर्ज देत नाही.

टाळेबंदीत सगळ्यात आधी उघडले आणि शेवटपर्यंत चालले ते हेच दुकान, कारण त्याला वरून हुकूम यावा लागत नाही. दोष असा की माल कमी असला की तो ओळखीच्या गिऱ्हाइकाला मिळतो. नव्या भाडेकरूला, परप्रांतीय मजुराला ‘संपला’ म्हणून सांगितले जाते. शिवाय भीड पडते: थकबाकी असली की भाव विचारायची सोय राहत नाही. वही दोन ठेवा, एक त्याची आणि एक तुमची, आणि प्रत्येक नोंद त्याच वेळी दोन्हींत करा. महिनाअखेरीच्या बहुतेक कटकटी ‘ते तूप मी नेलेच नव्हते’ यावरून होतात. तीन तारे.

ग्राहक संघ: कष्टाने स्वस्त

इंग्लंडातल्या रॉचडेल गावात १८४४ मध्ये २८ जणांनी, त्यांत बरेच विणकर, भांडवल गोळा करून स्वतःचे दुकान काढले. रोखीने विक्री, चोख माप, एका सभासदाला एक मत आणि नफा खरेदीच्या प्रमाणात परत. मुंबईत नायगावच्या गिरणी कामगारांच्या वस्तीत १९४८ मध्ये ‘अपना बाजार’ याच वाटेने उभा राहिला. गोव्यात फोंड्याची बागायतदार संस्था सुपारी उत्पादकाचा माल विकते आणि त्याच्याच घरचा किराणाही पुरवते. उत्पादक आणि ग्राहक एकाच सभासद वहीत, ही कल्पना फार मोलाची आहे.

सहकारी दुकाने बुडतात ती बहुधा तीन कारणांनी. पडून राहिलेला माल, संचालकांच्या ओळखीवर दिलेली उधारी, आणि सभेला न येणारे सभासद. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ मध्ये सुरू झाली तेव्हा तिने दुकानच काढले नाही, आणि पहिल्या दोन कारणांची मुळे तिथेच कापली गेली. परिसरातली काही कुटुंबे मिळून एक संघ करतात. महिन्याची मागणी यादी भरली जाते, पैसे आधी जमा होतात, एकत्रित खरेदी होते, माल एका सभासदाच्या घरी उतरतो आणि घरोघरचे वाटे सभासदच लावतात. मागणी आधी, खरेदी नंतर. म्हणजे शिळा साठा नाही, गाळा नाही, पगारी विक्रेता नाही, जाहिरात नाही. नियोजन इथेही आहे, पण मंत्रालयातून आलेले नव्हे. प्रत्येक घराने आपल्या डब्यात डोकावून केलेले.

किंमत मोजावी लागते ती श्रमात. महिन्यातली एक सकाळ वाटपाला द्यावी लागते, आणि हे काम बहुतेक ठिकाणी बायकांच्याच अंगावर पडते. दोघेही नोकरीला जाणाऱ्या घरांना ते जड जाते. मधल्या पंधरवड्यात साखर संपली तर संघ कामाचा नाही, वाण्याकडेच जावे लागते. आणि पैसे आधी भरायचे असल्याने हातावर पोट असलेल्याला ही व्यवस्था परवडत नाही. या दोषावर सहकाराने अजून पुरेसा विचार केलेला नाही. चार तारे. या चारांत ग्राहकाला ‘हा भाव का?’ असे विचारून हिशोबाची वही उघडायला लावता येते ती फक्त इथे.

आपल्या इमारतीत हे करून पाहायचे असेल तर दहा-बारा घरे पुरतात, पण पहिल्या महिन्यात सहाच वस्तू घ्या: तांदूळ, गहू, तूरडाळ, साखर, शेंगदाणे, तेल. मसाले, साबण, बिस्किटे नकोत. आवडीनिवडी तिथे सुरू होतात आणि वाटप तासाचे तीन तासांवर जाते. डाळीचा ३० किलोचा कट्टा बारा घरांत अडीच-अडीच किलो बसतो आणि त्यावर जीएसटीही नाही. पण सुट्या वाटपात शंभर-दोनशे ग्रॅम तूट येतेच, म्हणून शेवटच्या घराला कमी पडू नये यासाठी आधी प्रत्येकाला २ किलो ४०० ग्रॅम द्या आणि उरलेली डाळ मग समान वाटा. तेलाचा डबा घेताना ‘१५ किलो’ की ‘१५ लिटर’ ते वाचा. १५ लिटरच्या डब्यात तेल जेमतेम १३ किलो ६५० ग्रॅम असते, आणि दर मात्र किलोचा बोलला जातो. पैसे यादीबरोबरच घ्या, माल आल्यावर नाही. एकाने जरी ‘नंतर देतो’ म्हटले तरी ते ज्याने पैसे घातले त्याच्या घरचे कर्ज होते. हिशोब आणि काटा एकाच हातात ठेवू नका, दोन्ही माणसे दर तीन महिन्यांनी बदला. आणि इमारतीत ज्या घरी रेशनचे २० किलो येतात त्यांच्याकडून तांदूळ-गव्हाची मागणी घेऊ नका. त्यांच्यासाठी डाळ आणि तेल अर्धा किलोपासून लिहिण्याची सोय ठेवा.